सौर झटका मशीन: माळव्यातल्या बागेला आणि साग-चंदनाला कितपत पुरतं?

इंदूरला सियागंजात झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेत विजेचे झटके सोडणारा डबा, मागितलं की समोरून पहिला प्रश्न येतो, "कितने एकड़ का दूँ?" डब्यावरही तेच छापलेलं असतं: १५ एकर, ३० एकर, ६० एकर. मशीनला एकर कळत नाहीत. त्याला कळते तारेची लांबी, तारेला टेकलेलं गवत आणि जमिनीत गेलेलं अर्थिंग. सांवेर, देपालपूर, महूकडे ज्यांनी जामाची (पेरूची) किंवा सीताफळाची बाग धरली आहे, साग-चंदन-मिलिया लावलं आहे, त्यांच्यासाठी हे परीक्षण. ते एका कंपनीचं नाही, बाजारात सर्रास मिळणाऱ्या सेटचं आहे: १२ व्होल्टचं मशीन, ७-८ अँपिअर-अवरची बॅटरी, २० वॉटचं पॅनल आणि भोंगा. तार, खांब, इन्सुलेटर वेगळे घ्यावे लागतात. यातलं मशीन बहुतेक वेळा ठीक निघतं. कुंपण फसतं ते बाकीच्या सामानात, आणि सगळ्यात जास्त अर्थिंगमध्ये.

आधी नुकसान कोण करतंय ते खोडावरून ओळखा, कारण तारांची उंची त्यावरच ठरते. शेंडा ओरबाडून खाल्लेला, फांद्या मोडलेल्या आणि कमरेपासून छातीपर्यंतच्या उंचीवर साल घासून निघालेली असेल तर ते रोजड्याचं, म्हणजे नीलगायीचं काम. नराची शिंगं आखूड असतात, पण खांद्याशी चार-साडेचार फूट उंचीचं आणि दोनशे किलोच्या वर जाणारं जनावर मनगटाएवढ्या खोडाला भिडलं की रोप टिकत नाही. बांधावर एकाच जागी लेंड्यांचा मोठा ढीग दिसला तर त्याचा येण्याजाण्याचा रस्ता तिथूनच आहे. बुंध्याभोवती माती उकरलेली, ठिबकची नळी चावलेली आणि खोडाला चिखल माखलेला असेल तर रानडुक्कर. आणि जमिनीलगत, गुडघ्याच्या खाली, साल गोल कुरतडलेली, आतल्या पांढऱ्या लाकडावर दातांच्या शेजारी-शेजारी बारीक खाचा असतील तर साळिंदर. हे तिसरं नुकसान दिसायला सगळ्यात लहान आणि झाडाला सगळ्यात घातक. पानांनी तयार केलेलं अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे जातं. तो थर पूर्ण वेढ्याने तुटला की मुळं उपाशी राहतात. झाड काही महिने हिरवं दिसतं आणि मग उभ्या उभ्या वाळतं.

लाकडासाठी झाडं लावणाऱ्यांचा हा प्रश्न जगात इतरत्रही आहे. अमेरिकेच्या वायव्येला, वॉशिंग्टन आणि ओरेगॉन राज्यांत डग्लस फरची मोठी लाकूडवनं आहेत. तिथली काळी अस्वलं शीतनिद्रेतून उठतात तेव्हा जंगलात फळं नसतात. एप्रिल ते जून या काळात झाडात रस चढतो, सालीखालच्या थरात साखर वाढते. अस्वल नखांनी साल खाली ओढून सोलतं आणि आतला गोड थर दातांनी खरवडून खातं. साधारण १५ ते ३० वर्षांची, जोमाने वाढणारी झाडं त्याला जास्त आवडतात. विरळणी करून, खत घालून ज्या वनाची चांगली निगा राखली, तिथेच नुकसान जास्त होतं. एक अस्वल एका दिवसात काही डझन झाडं सोलू शकतं. पूर्ण वेढा पडला तर झाड मरतं. अर्धाच पडला तर जखमेतून बुरशी शिरते आणि बुंध्याचा, म्हणजे सर्वांत किमती लाकडाचा, ओंडका सडतो.

तिथल्या वनमालकांनी त्यावर दोन वाटा धरल्या. एक, वसंतात ठरावीक पट्ट्यात अस्वलाच्या शिकारीचे परवाने. दुसरी, नुकसानीच्या आठवड्यांत साखरयुक्त गोळ्यांचं खाद्य ठेवायचं आणि जंगलात फळं आली की ते काढून घ्यायचं. शिकारीच्या वाटेतली अडचण अशी की सगळीच अस्वलं साल सोलत नाहीत. परवानाधारकाला जे अस्वल दिसतं तेच सोलणारं असेल असं नाही. वॉशिंग्टनमध्ये १९९६ पासून अस्वलाच्या शिकारीत कुत्री लावायला आणि आमिष ठेवायला बंदी आली, त्यामुळे नेमकं जनावर गाठणं आणखी अवघड झालं. २०२२ मध्ये तिथल्या वन्यजीव आयोगाने हौशी शिकाऱ्यांसाठीचा वसंत हंगाम बंदच केला. हजारो एकरांच्या डोंगरी वनाला कुंपण घालणं परवडत नाही म्हणून त्यांच्यापुढे हे प्रश्न आहेत. आपली पाच-दहा एकरांची लागवड कुंपणाने वेढता येते, ही आपली मोठी सोय आहे.

आपल्याकडेही "मारायची परवानगी द्या" ही मागणी दर हंगामात होते. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ११ मध्ये उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावराबाबत लेखी आदेशाची तरतूद आहे. तो आदेश मुख्य वन्यजीव अभिरक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारीच देऊ शकतो. बिहारमध्ये केंद्राने २०१५ मध्ये रोजडा उपद्रवी जाहीर केला आणि २०१६ मध्ये मोकाम्याच्या बाजूला नेमबाज बोलावून जनावरं मारली गेली. मध्य प्रदेशाने वेगळा रस्ता घेतला. २०२५ मध्ये शाजापूरच्या बाजूला हेलिकॉप्टरने हाकून, बोमा म्हणजे नरसाळ्याच्या आकाराच्या पडद्याच्या वाड्यात आणून, काळवीट आणि रोजडे पकडून दुसऱ्या जंगलांत सोडले. ही पद्धत बंदुकीपेक्षा कितीतरी चांगली आहे आणि सरकारने ती पुढे न्यावी. पण खायला मोकळं रान शिल्लक असेल तर रिकाम्या जागी नवी जनावरं येतात. म्हणून बागवाल्याने कुंपणाचा विचार टाळू नये.

आता मशीन. डब्यावर एकरांऐवजी ज्यूल, म्हणजे एका झटक्यातली ऊर्जा, बघा, आणि तेही बाहेर पडणारे. बरेच विक्रेते मशीनमध्ये साठणारी ऊर्जा सांगतात. तारेवर येणारी त्याहून बरीच कमी असते. पाच एकरांचा चौकोनी तुकडा धरा. परीघ सुमारे ५७० मीटर. पाच तारा ओढल्या आणि त्यातल्या तीन चालू ठेवल्या तर चालू तारेची लांबी सुमारे १.७ किलोमीटर होते. स्वच्छ कुंपणाला एवढ्यासाठी १ ज्यूल पुरतो. आपल्या पावसाळ्यात, गवत तारेला भिडणारच हे धरून, ३ ज्यूल घ्यावेत. त्याहून मोठं मशीन या क्षेत्राला वायफळ आहे, तो पैसा अर्थिंगच्या सळ्यांवर घाला. झटक्यांमध्ये साधारण एका सेकंदाचं अंतर असावं आणि डब्यावर आयएस ३०२-२-७६ या मानकाचा उल्लेख असावा. त्याच्याशी मिळत्या आंतरराष्ट्रीय मानकात ५०० ओहमच्या भारावर एका झटक्याची ऊर्जा ५ ज्यूलपेक्षा जास्त नको अशी मर्यादा आहे. याच मर्यादेमुळे झटका जोरात बसतो पण जीव घेत नाही.

तार किलोवर मिळते आणि इथेच हिशोब चुकतो. २.५ मिलिमीटरची जीआय (जस्ताचा थर दिलेली लोखंडी) तार किलोला साधारण २६ मीटर भरते, २ मिलिमीटरची ४० मीटर, १.६ मिलिमीटरची ६३ मीटर. पाच एकरांना पाच तारांसाठी २ मिलिमीटरची ७० किलोच्या वर लागते, २.५ ची ११० किलो. दुकानदार १.६ पुढे करतो कारण बिल हलकं दिसतं. पण बारीक तारेचा विद्युतरोध २.५ च्या तारेच्या जवळजवळ अडीचपट, आणि रोजडा एकदा धडकला की ती ताणून लोंबते. झाडांचं कुंपण आठ-दहा वर्षं उभं राहायचं आहे, तेव्हा २ च्या खाली जाऊ नका. जस्ताचा थर बघायला तारेचा तुकडा घट्ट पिळून पाहा. थर सोलून पडला तर ती तार दोन पावसाळ्यांत गंजेल.

खांब दर १२ ते १५ फुटांवर. कोपऱ्याचे खांब जड, दोन्ही बाजूंनी तिरका आधार दिलेले. काळ्या मातीत हे सोडून चालणार नाही. ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि नुसता ठोकलेला खांब पहिल्याच वर्षी कलतो. कोपऱ्याचा खड्डा मुरूम आणि काँक्रीटने भरून घ्या. मधले खांब फक्त तारा धरतात, ते हलके चालतात. इन्सुलेटर काळ्या रंगाचे, उन्हात न पिचणारे घ्या. स्वस्त पांढऱ्या प्लॅस्टिकला मे महिन्यात चिरा जातात आणि पावसाचं पाणी त्या चिरेतून झटका खांबात उतरवतं. पाच एकरांच्या परिघाला सुमारे १२७ खांब गुणिले पाच तारा, म्हणजे साडेसहाशेच्या आसपास नग लागतील. शंभर जास्तच आणा.

तारांची उंची जमिनीपासून ८, १६, २८, ४२ आणि ६० इंच. खालच्या दोन डुकरासाठी, वरच्या तीन रोजड्यासाठी. रोजडा एवढ्या तारेवरून उडी मारू शकतो. पण बहुधा तो आधी मान घालून मधून किंवा खालून घुसायला बघतो. त्याचं ओलं नाक तारेला लागलं पाहिजे. केसाळ खांद्यावर बसलेला झटका तो सहन करून पुढे निघून जातो. म्हणून त्याच्या ठरलेल्या वाटेवर, २८ इंचाच्या चालू तारेवर, ॲल्युमिनियम फॉइलच्या पट्ट्या गुंडाळून त्यांवर गुळाचं पाणी आणि शेंगदाण्याच्या पेंडीचा लेप लावा. हुंगायला आला की नाकावर झटका बसतो. एवढं केलं तर कळप जागा सोडतो. मात्र हे जनावरांना आतल्या पानांची चव लागण्याआधी व्हायला हवं. रोपं लावून, खाऊ घालून, मग कुंपण ओढलं तर ती तारा तोडून आत येतात. आधी कुंपण, मग खड्डे.

अर्थिंगवर थोडं थांबतो, कारण "मशीन बेकार निघालं" म्हणून परत येणाऱ्या बहुतेक मशीनचं दुखणं इथेच असतं. झटका तारेतून जनावरात, जनावराच्या पायातून मातीत, मातीतून अर्थच्या सळईत आणि तिथून मशीनमध्ये परत जातो तेव्हाच मंडल पुरं होतं. सेटसोबत दीड-दोन फुटांची एक सळई येते. माळव्यात ती निरुपयोगी आहे. एप्रिल-मेमध्ये काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, सळईभोवती माती सुटते आणि मधे हवा राहते. सहा फुटांच्या तीन जीआय सळया घ्या, एकमेकींपासून दहा फुटांवर, शक्यतो विहिरीच्या थारोळ्याजवळ किंवा ठिबकच्या शेवटच्या ड्रिपरखाली, जिथे ओल टिकते. तिन्ही एकाच अखंड तारेने, पक्क्या क्लँपने जोडा. तार नुसती गुंडाळून ठेवली की गंज चढतो आणि जोड मेला. घराच्या किंवा मोटारीच्या अर्थिंगला हे जोडू नका.

तपासणी अशी करा. मशीनपासून शंभर मीटर लांब लोखंडी सळया जमिनीत खोचून चालू तारेला टेकवा, तारेवरचा दाब २,००० व्होल्टच्या खाली येईपर्यंत. मग डिजिटल टेस्टरचं एक टोक अर्थच्या शेवटच्या सळईला आणि दुसरं तिच्यापासून एक मीटर लांब जमिनीत लावा. ३०० व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर अर्थिंग कमी पडतंय, आणखी एक सळई ठोका आणि परत मोजा. दुकानात मिळणारा निऑन दिव्यांचा टेस्टर इथे चालत नाही, आकडा दाखवणाराच हवा.

उन्हाळ्यातल्या कोरड्या मातीसाठी आणखी एक उपाय आहे. खालून दुसरी आणि चौथी तार मशीनच्या अर्थला जोडा, पहिली, तिसरी, पाचवी चालू ठेवा. जनावर दोन तारांच्या मधे डोकं घालतं तेव्हा चालू आणि अर्थ दोन्ही तारा त्याला लागतात, माती कितीही कोरडी असो. पावसाळ्यात उलटी अडचण येते. गवत सगळ्यात खालच्या तारेला भिडतं. त्या तारेला सुरुवातीलाच स्वतंत्र स्विच ठेवला असेल तर जुलैत ती बंद करा आणि दुसरी तार अर्थवरून काढून चालूवर घ्या. हा स्विच सेटमध्ये कधीच नसतो, तो मागून घ्यावा.

कुंपणावर कुठेही, अगदी मशीनपासून सर्वात लांबच्या टोकालाही, ४,००० व्होल्टच्या खाली दाब जाऊ देऊ नका. ५,००० च्या वर असेल तर निश्चिंत राहा. दाब पडला की गळती शोधायची ती रात्री. दिवा विझवून कुंपणाच्या कडेने चाललं की टिक्-टिक् आवाज येतो आणि इन्सुलेटरपाशी निळी ठिणगी दिसते. बहुधा तिथे चीर असते, मेलेली पाल चिकटलेली असते किंवा वेलीचा तंतू तारेवर चढलेला असतो.

बॅटरी आणि पॅनलमध्ये सेटवाले सर्वात जास्त काटकसर करतात. मशीन सरासरी २०० मिलिअँपिअर ओढत असेल तर दिवसाला ४.८ अँपिअर-अवर होतात. सलग तीन ढगाळ दिवसांचे १४.४. लेड-ॲसिड बॅटरी अर्ध्याखाली उतरवली की ती लवकर मरते, म्हणजे ३० अँपिअर-अवरची हवी. सेटमधली ७-८ वाली एका रात्रीपुरती. पॅनलचंही तसंच. ५८ वॉट-अवरची भरपाई ऑगस्टच्या तीन तासांच्या कामाच्या उन्हात करायची तर तोटे धरून २८ वॉट लागतात, म्हणून ४० वॉट घ्या. सकाळी ऊन पडण्याआधी बॅटरीवर १२.२ व्होल्टच्या खाली दिसलं तर ती उपाशी आहे. तेव्हा मशीनला दोष देण्यात अर्थ नाही.

भोंग्यासाठी वेगळे पैसे देऊ नका. जनावरांना त्याची आठवड्याभरात सवय होते, शेजाऱ्यांना होत नाही. तार तुटली तर कळावी एवढाच त्याचा उपयोग, आणि तेवढ्यासाठी मोबाइलवर मेसेज पाठवणारं मॉडेल मिळतं.

फाटकाखालून चालू तार न्यायला घरगुती वायर वापरतात. तिचं आवरण ११०० व्होल्टपर्यंतचं, त्यातून जातात सहा-सात हजार. ओल लागली की आवरण फुटतं आणि सगळा झटका फाटकाशीच जमिनीत उतरतो. कुंपणासाठीची खास जाड आवरणाची केबल घ्या आणि ती पीव्हीसी पाइपातून पुरा. जून आणि सप्टेंबरच्या विजांसाठी लाइटनिंग अरेस्टर लावा. त्याचं अर्थिंग मशीनच्या अर्थिंगपासून निदान दहा मीटर दूर ठेवा. गडगडाट सुरू झाला की दोन्ही तारा मशीनमधून काढून ठेवणं हा त्याहून भरवशाचा उपाय. बोर्ड राळेत बुडवलेला असतो, जळला की दुरुस्त होत नाही. वॉरंटीत वीज पडलेली धरली जात नाही हे बिल घेतानाच वाचून घ्या.

काही गोष्टी कुठल्याही कारणाने करू नका. काटेरी तारेत झटका सोडू नका, अडकलेलं जनावर किंवा माणूस सुटू शकत नाही. घरची २३० व्होल्टची लाइन थेट तारेला जोडू नका. दरवर्षी गावागावांत माणसं यानेच मरतात, बहुधा स्वतःच्याच घरची, आणि जनावर मेलं तर ती कायद्याने शिकार ठरते. रस्त्याच्या आणि पायवाटेच्या बाजूला पिवळे फलक दिसतील असे लावा. मजुरांना पहिल्याच दिवशी स्विच कुठे आहे ते दाखवा.

उरलं साळिंदर. त्याच्यासाठी हे मशीन घेऊ नका. अंग काट्यांनी झाकलेलं, तारेखालून उकरून येतं, आणि ८ इंचाची तार त्याच्या नाकाला क्वचितच लागते. त्याला अडवायचं तर झाडागणिक अर्धा इंच जाळीची वेल्डेड मेश लावावी लागते. जमिनीवर दोन फूट, जमिनीत एक फूट, आणि खोडापासून चार बोटं जागा सोडून, नाहीतर वाढत्या खोडात जाळी रुतते आणि जे साळिंदराने केलं असतं तेच जाळी करते. चंदनाला हे आवर्जून करावं. सागाच्या हजार झाडांना परवडत नसेल तर बांधालगतच्या बाहेरच्या दोन ओळींना तरी करा, कारण सुरुवात बहुधा तिथूनच होते.